जर्मनीत टॉरेंट लावलं की घरी वकिलाचं पत्र का येतं?

जर्मनीत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांना तिथले जुने विद्यार्थी सुरुवातीलाच दोन गोष्टी हमखास बजावतात. पहिली, कचरा ज्याच्या त्याच्या डब्यात टाका. दुसरी, टॉरेंटला हात लावू नका.

पहिली सूचना लगेच पटते. दुसरी मात्र अनेकांना गंमत वाटते. भारतात वर्षानुवर्षं कोणी काही बोललं नाही, मग इथे कोणाला कळणार? पण काही आठवड्यांनी टपालपेटीत एक जाड पाकीट येऊन पडतं. आत वकिलाचं पत्र असतं. त्यात सिनेमाचं नाव, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, आयपी अ‍ॅड्रेस आणि भरायची रक्कम असं सगळं नीट छापलेलं असतं. ही रक्कम बहुतेकदा काहीशे युरोंपासून हजार युरोंच्या आसपास असते.

एक गोष्ट मात्र त्या पत्रात नसते. तो सिनेमा नक्की कोणी उतरवून घेतला, हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. आयपी अ‍ॅड्रेसवरून इंटरनेटचं कनेक्शन सापडतं, त्यावर बसलेला माणूस सापडत नाही. घरात चार जण असतील तर चौघांतला कोण? आणि कोण ते कळलं नाही, तर पैसे कोणी भरायचे? या एका प्रश्नावर जर्मनीत वीस वर्षांहून जास्त काळ खटले, कायदे, मोर्चे आणि निवडणुकासुद्धा झाल्या.

'आब्मानुंग' म्हणजे काय?

या पत्राला जर्मन भाषेत 'आब्मानुंग' म्हणतात. कोर्टात जाण्याआधी दिलेली वकिलाची ताकीद, असा त्याचा अर्थ. हे पोलिसांचं समन्स नाही, कोर्टाचा निकाल नाही आणि सरकारी दंडही नाही. सिनेमाचे, गाण्याचे किंवा गेमचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत, तिने वकिलामार्फत केलेली ती खासगी मागणी असते.

पत्रात साधारण तीन गोष्टी मागितलेल्या असतात:

• पुन्हा असं करणार नाही, केलं तर ठरलेली मोठी रक्कम देईन, असं सही केलेलं हमीपत्र.
• झालेल्या नुकसानाची भरपाई.
• हे पत्र लिहिणाऱ्या वकिलाची फी.

तिसरी मागणी आपल्याकडच्या वाचकाला विचित्र वाटेल. समोरच्याने नेमलेल्या वकिलाचे पैसे आपण का द्यायचे? जर्मन कायद्याचं उत्तर असं आहे की तक्रार खरी असेल, तर तिचा खर्च चूक करणाऱ्याने सोसावा. ही पद्धत फक्त सिनेमा-गाण्यांपुरती नाही. प्रतिस्पर्धी दुकानदाराची फसवी जाहिरात थांबवायलाही तिथले व्यापारी अशीच पत्रं पाठवतात. वाद कोर्टाबाहेर, लवकर आणि कमी खर्चात मिटावा, हा मूळ हेतू. फाइल शेअरिंगच्या काळात मात्र अशी पत्रं हजारोंच्या संख्येने निघू लागली आणि या पद्धतीचं रूपच बदललं.

टॉरेंटमध्ये नेमकं काय पकडलं जातं?

'मी फक्त डाउनलोड केलं, कोणाला दिलं नाही,' हा पत्र आलेल्या माणसाचा पहिला बचाव असतो. टॉरेंटच्या बाबतीत तो टिकत नाही.

टॉरेंटमध्ये फाइल एका ठिकाणाहून येत नाही. तिचे छोटे छोटे तुकडे केलेले असतात. एखादा तुकडा तुमच्याकडे आला की तुमचा कॉम्प्युटर लगेच तो इतरांना द्यायला लागतो. घेता घेता देत राहणं, यावरच ही सगळी व्यवस्था चालते. म्हणजे डाउनलोड करणारा प्रत्येक जण त्याच वेळी अपलोडही करत असतो. कायद्याच्या भाषेत त्याने ती कलाकृती 'लोकांना उपलब्ध करून दिली', आणि तो हक्क मालकाचा असतो.

जर्मनीत खासगी वापरासाठी प्रत काढायला मुळात बंदी नाही. विकत घेतलेल्या सीडीची घरच्यासाठी प्रत काढता येते. त्यासाठी कॉपी करणाऱ्या उपकरणांच्या किमतीत एक छोटी आकारणी धरलेली असते आणि ती कलाकारांच्या संस्थांकडे जाते. पण उघडपणे बेकायदा ठिकाणाहून घेतलेल्या प्रतीला ही सवलत मिळत नाही.

पकडण्याचं काम तांत्रिक कंपन्या करतात. त्या हक्कदारांच्या वतीने टॉरेंटच्या त्याच घोळक्यात शिरतात. तिथे कोणता आयपी अ‍ॅड्रेस कोणत्या क्षणी कोणती फाइल देतोय, ते सगळ्यांनाच दिसतं. त्याची त्या नोंद करतात. इथे हॅकिंग वगैरे काही नसतं.

यातच एक फसगत दडलेली आहे. २०१४ च्या सुमारास 'पॉपकॉर्न टाइम' नावाचं अ‍ॅप लोकप्रिय झालं. दिसायला ते एखाद्या स्ट्रीमिंग सेवेसारखं होतं. पोस्टरवर क्लिक केलं की सिनेमा सुरू. पण पडद्यामागे टॉरेंटच चालू होतं. आपण फक्त सिनेमा पाहतोय असं समजणाऱ्या अनेकांना वकिलांची पत्रं आली ती त्यामुळेच.

आयपी अ‍ॅड्रेसवरून घरचा पत्ता कोण देतं?

या गोष्टीतलं मधलं पात्र म्हणजे इंटरनेट पुरवणारी कंपनी. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे नुसता आकडा. त्या क्षणी तो कोणत्या ग्राहकाला दिलेला होता, हे फक्त त्या कंपनीलाच माहीत असतं.

२००८ पर्यंत हक्कदारांना ही माहिती थेट मागता येत नव्हती. म्हणून ते सरकारी वकिलांकडे ढिगाने फौजदारी तक्रारी करत. तपासात नाव-पत्ता निघाला की फाइल बघून पुढे स्वतःचं पत्र पाठवत. गाण्यांच्या तक्रारींखाली दबलेली सरकारी वकिलांची कार्यालयं त्यामुळे वैतागली होती.

१ सप्टेंबर २००८ पासून कायदा बदलला. हक्कदाराने दिवाणी न्यायालयात अर्ज करायचा, न्यायाधीशाने परवानगी द्यायची आणि मग कंपनीने ग्राहकाचं नाव-पत्ता द्यायचा, असा मार्ग ठरला. देशातली सगळ्यात मोठी कंपनी डॉइचे टेलिकॉम. तिचं मुख्यालय बॉनमध्ये आहे आणि त्या भागातले कॉपीराइटचे अर्ज कोलोनच्या न्यायालयाकडे जातात. त्यामुळे या एका न्यायालयात अशा अर्जांचा पूर आला. एकेका अर्जात शेकडो, कधी हजारो आयपी अ‍ॅड्रेस असायचे.

यात घाईही असते, कारण कंपन्या या नोंदी फार दिवस ठेवत नाहीत. टेलिकॉम सात दिवस ठेवते, आणि तांत्रिक बिघाड किंवा गैरवापर शोधण्यासाठी एवढी मुदत चालेल, असं सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केलं. म्हणून हक्कदार आधी 'नोंद पुसू नका' असा तातडीचा आदेश मिळवतात आणि पत्ता नंतर मागतात.

नोंदी किती दिवस ठेवायच्या, हा जर्मनीत साधा तांत्रिक प्रश्न नाही. नाझी राजवट आणि पूर्व जर्मनीतली 'श्टाझी' ही गुप्त पोलीस यंत्रणा, अशा दोन पाळत ठेवणाऱ्या सत्ता या देशाने पाहिल्या आहेत. त्यामुळे 'कोण कधी काय करतो' याची यादी म्हटली की लोक सावध होतात. गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी सगळ्यांच्याच नोंदी सहा महिने ठेवण्याचा कायदा २००८ पासून लागू झाला, तेव्हा सुमारे ३५ हजार नागरिक त्याविरुद्ध घटना न्यायालयात गेले. २ मार्च २०१० रोजी न्यायालयाने तो कायदा रद्द केला. २०१५ मध्ये आणलेला नवा कायदाही युरोपीय न्यायालयात २०२२ मध्ये टिकला नाही. तरी विषय मिटलेला नाही. २०२५ च्या सत्ताधारी आघाडीच्या करारात आयपी अ‍ॅड्रेस तीन महिने ठेवण्याची योजना पुन्हा आली.

कनेक्शन ज्याच्या नावावर, दोष त्याचा?

पत्ता मिळाला तरी तो बिल भरणाऱ्याचा असतो. जर्मन न्यायालयांनी यावर एक तोडगा काढला. कनेक्शन ज्याच्या नावावर आहे, त्यानेच ते केलं असं आधी गृहीत धरायचं. ते खोडून काढायचं असेल, तर त्या वेळी घरात आणखी कोण इंटरनेट वापरू शकत होतं, हे त्याने पटेल असं सांगायचं. पण म्हणजे नक्की किती सांगायचं? कार्ल्सरूहे इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एकेक खटल्यातून त्याची रेषा आखली.

सुट्टीवर गेलेला माणूस (२०१०). एका माणसाच्या वायफायवरून एक गाणं शेअर झालं. तो त्या वेळी सुट्टीवर होता आणि कॉम्प्युटर कुलूपबंद खोलीत होता, हे सिद्ध झालं. भरपाई त्याला द्यावी लागली नाही. पण राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवल्याबद्दल ताकीद-पत्राच्या खर्चाची जबाबदारी त्याच्यावर आली.

तेरा वर्षांचा मुलगा (२०१२). आईवडिलांच्या घरच्या कॉम्प्युटरवर १,१४७ गाण्यांच्या फाइल शेअर होताना सापडल्या. खटला त्यातल्या १५ गाण्यांवर चालला. गाण्यामागे २०० युरो, म्हणजे ३,००० युरो भरपाई आणि वर वकिलाची फी मागितली होती. न्यायालय म्हणालं की साधारण सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलाला 'हे बेकायदा आहे, करू नकोस' असं आईवडिलांनी आधी बजावलं असेल तर तेवढं पुरे. संशयाला काही कारण नसताना मुलाचा कॉम्प्युटर तपासत बसणं त्यांच्यावर बंधनकारक नाही.

वीस वर्षांचा सावत्र मुलगा (२०१४). घरातली सज्ञान माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात. त्यामुळे कारण नसताना त्यांना आधी समज देण्याचीही गरज नाही, असं न्यायालयाने ठरवलं. या खटल्यातले वडील स्वतः पोलीस अधिकारी होते.

ऑस्ट्रेलियाहून आलेली भाची (२०१६). मावशीच्या किंवा आत्याच्या घरी पाहुणी आलेल्या भाचीने तिथल्या वायफायवरून सिनेमा शेअर केला. सज्ञान पाहुण्याला पासवर्ड देताना कायद्याचा पाठ द्यावा लागत नाही, असा निकाल लागला आणि कनेक्शनवाली बाई सुटली.

तीन सज्ञान मुलं (२०१७). रिहानाचा 'लाउड' हा अल्बम शेअर झाला होता. तीन मुलांपैकी कोणी ते केलं, हे आईवडिलांना ठाऊक होतं. पण नाव सांगायला ते तयार नव्हते. न्यायालय म्हणालं, मुलाविरुद्ध बोलण्याची सक्ती नाही, पण मग पैसे तुम्ही भरा. आईवडील घटना न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये तिथेही हरले. घटनेत कुटुंबाला संरक्षण आहे, पण गाण्याच्या मालकाच्या मालमत्तेलाही आहे, असा त्या निर्णयाचा आधार होता.

या निकालांचा अर्थ थोडक्यात असा. घरातल्यांवर पाळत ठेवावी लागत नाही. पण 'मी नव्हतो' एवढं म्हणूनही सुटका होत नाही. आणि कोणी केलं हे माहीत असेल, तर गप्प बसण्याची किंमत मोजावी लागते.

कॅफेत वायफाय का मिळत नव्हतं?

२०१० च्या दशकात जर्मनीत फिरायला गेलेल्यांची एक नेहमीची तक्रार असे. एवढा प्रगत देश, पण फुकट वायफाय कुठेच का नाही? त्याचं कारण 'श्टोररहाफ्टुंग' या जर्मन शब्दात होतं. स्वतः चूक न करताही जो तिला वाट करून देतो, त्याला ती थांबवायला जबाबदार धरायचं, असं हे तत्त्व. मुळात शेजाऱ्यांच्या भांडणांसारख्या प्रकरणांसाठी असलेला हा नियम वायफायलाही लावला गेला.

म्हणजे गिऱ्हाईक कॉफी पिता पिता सिनेमा शेअर करणार आणि पत्र कॅफेच्या मालकाला येणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, असाच प्रकार. मालकांनी मग वायफाय द्यायचंच टाळलं.

याला धक्का दिला तो म्युनिकजवळच्या टोबियास मॅकफॅडन यांच्या खटल्याने. त्यांचं प्रकाश आणि ध्वनी यंत्रणेचं दुकान होतं आणि तिथलं वायफाय त्यांनी मुद्दाम विनापासवर्ड ठेवलं होतं. २०१० मध्ये त्यावरून एक अल्बम शेअर झाला आणि सोनी म्युझिकने त्यांना नोटीस दिली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. १५ सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने दोघांनाही अर्धं अर्धं दिलं. वायफाय देणाऱ्याकडून भरपाई मागता येणार नाही. पण पासवर्ड लावायला आणि वापरणाऱ्यांची ओळख घ्यायला त्याला सांगता येईल.

दरम्यान 'फ्रायफुंक' या चळवळीचे कार्यकर्ते वेगळ्याच मार्गाने लढत होते. बर्लिनमध्ये सुरू झालेली ही चळवळ लोकांच्या घरचे राउटर एकमेकांना जोडून सगळ्यांसाठी मोफत जाळं उभं करते. पत्रं टाळण्यासाठी त्यांच्यातल्या काही गटांनी आपली सगळी वाहतूक परदेशातल्या सर्व्हरमार्गे वळवली. बर्लिनमधल्या बाकावर बसलेला माणूस मग इंटरनेटला परदेशात असल्यासारखा दिसायचा.

शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये कायदा बदलला आणि वायफाय देणाऱ्यावरची ही जबाबदारी काढून टाकण्यात आली. आता हक्कदार फार तर विशिष्ट साइट त्या वायफायवर बंद करण्याची मागणी करू शकतो. आज जर्मन कॅफेत वायफाय मिळतं, त्यात या बदलाचा मोठा वाटा आहे.

कलाकारांचा हक्क की वकिलांचा धंदा?

हक्कदारांचं म्हणणं सरळ आहे. सिनेमा, गाणं, गेम करायला पैसा आणि श्रम लागतात. फुकट वाटणाऱ्याला काहीच किंमत मोजावी लागली नाही, तर विकत घेणारा मूर्ख ठरतो. जर्मन सिनेउद्योगाने २००३ मध्ये 'चोरटी प्रत काढणारे गुन्हेगार असतात' अशी थेट जाहिरात मोहीम चालवली होती. संगीत कंपन्यांची सीडीची विक्री त्या काळात खरोखरच झपाट्याने घसरत होती.

दुसरी बाजू म्हणते की पत्रांचं प्रमाण आणि रक्कम पाहिली तर हेतू वेगळाच दिसतो. एका गाण्याच्या तक्रारीचं मूल्य वकील दहा-दहा हजार युरो धरत आणि त्यावर फी काढत. मजकूर तोच, फक्त नाव आणि आयपी अ‍ॅड्रेस बदललेला. घाबरलेली माणसं खटल्याच्या भीतीने पैसे भरून टाकत.

संसदेने यात दोनदा हात घातला. २००८ मध्ये साध्या प्रकरणांत फीवर १०० युरोंची मर्यादा आली, पण 'साधं' कशाला म्हणायचं यातून पळवाटा निघाल्या. ऑक्टोबर २०१३ पासून पहिल्यांदाच सापडलेल्या खासगी व्यक्तीसाठी तक्रारीचं मूल्य सर्वसाधारणपणे १,००० युरोंवर बांधलं गेलं. त्यामुळे वकिलाची फी सुमारे दीडशे युरोंवर आली. भरपाईला मात्र मर्यादा नाही. एका गाण्यामागे २०० युरो हा आकडा २०१५ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मान्य केला.

नवा कायदा येऊन दोन महिने होत नाहीत तोच सगळ्यात गाजलेलं प्रकरण घडलं. डिसेंबर २०१३ मध्ये हजारो लोकांना प्रौढांसाठीच्या एका व्हिडिओ साइटवरून पत्रं आली. मागणी २५० युरोंची होती. पण ती साइट टॉरेंट नव्हती, तिथे लोक नुसते व्हिडिओ पाहत होते. विषय असा की कोणी घरात किंवा मित्रांत बोलायलाही तयार होईना. कोलोनच्या न्यायाधीशांपुढचे अर्ज फाइल शेअरिंगचे वाटावेत अशा भाषेत लिहिलेले होते आणि पत्ते त्याच आधारावर मिळाले होते. आपण ही परवानगी द्यायला नको होती, असं न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये मान्य केलं. पाहणं आणि वाटणं यात फरक आहे, ही गोष्ट त्या हिवाळ्यात साऱ्या देशाला नीट कळली.

वाद रस्त्यावर आणि संसदेत

घरोघरी आलेल्या पत्रांमुळे कॉपीराइट हा रूक्ष विषय मतदारांचा विषय बनला. सप्टेंबर २००६ मध्ये बर्लिनमध्ये 'पायरेट पार्टी' स्थापन झाली. हक्कदार ज्यांना 'पायरेट' म्हणून हिणवत, त्यांनी तेच नाव झेंड्यावर लावलं. २०११ च्या बर्लिन राज्याच्या निवडणुकीत या पक्षाला ८.९ टक्के मतं आणि १५ जागा मिळाल्या. पुढे अंतर्गत भांडणांत पक्ष विरत गेला. पण मोठ्या पक्षांना इंटरनेटच्या प्रश्नांकडे पाहावं लागलं.

दुसरा वाद यूट्यूबचा. जर्मनीत संगीतकार आणि गीतकारांच्या वतीने मानधन गोळा करणारी 'गेमा' ही संस्था आहे. २००९ मध्ये तिचा यूट्यूबशी असलेला करार संपला आणि नवा जमेना. तेव्हापासून १ नोव्हेंबर २०१६ पर्यंत असंख्य गाण्यांच्या जागी जर्मन लोकांना 'हा व्हिडिओ जर्मनीत उपलब्ध नाही' एवढाच फलक दिसत राहिला.

मग आलं 'कलम १३'. युरोपीय संघाच्या नव्या कॉपीराइट निर्देशात मोठ्या प्लॅटफॉर्मना लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी जबाबदार धरलं जाणार होतं. त्यामुळे सगळीकडे अपलोड गाळणारी यंत्रं बसतील आणि मीमही अडकतील, अशी भीती होती. २३ मार्च २०१९ रोजी जर्मनीच्या अनेक शहरांत मोर्चे निघाले. एकट्या म्युनिकमध्ये सुमारे ४० हजार लोक रस्त्यावर आले. तीन दिवसांनी युरोपीय संसदेने ३४८ विरुद्ध २७४ मतांनी निर्देश मंजूर केला.

पण मोर्चे वाया गेले नाहीत. १ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या जर्मन कायद्यात छोट्या वापराला आधार मिळाला. १५ सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ किंवा आवाज, १६० अक्षरांपर्यंतचा मजकूर किंवा १२५ केबीपर्यंतचं चित्र स्वतःच्या मजकुराबरोबर वापरलं, मूळ कलाकृतीचा निम्म्याहून कमी भाग घेतला आणि त्यातून फारशी कमाई केली नाही, तर यंत्राने ते परस्पर अडवू नये. रील आणि मीम करणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

२०२१ मध्येच मोठ्या इंटरनेट कंपन्या आणि हक्कदारांनी मिळून एक संयुक्त मंडळ नेमलं. कोणती साइट मुळातच बेकायदा आहे हे त्याने ठरवायचं आणि कंपन्यांनी ती आपल्या ग्राहकांसाठी बंद करायची. न्यायाधीशाशिवाय साइट बंद होतात, या टीकेनंतर २०२५ पासून हे मंडळ न्यायालयाच्या आदेशावरच चालतं.

भारतात असं पत्र का येत नाही?

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि पायरसी इथेही गुन्हा आहे. पण इथे हक्कदार सहसा एकेका घरामागे लागत नाहीत. ते उच्च न्यायालयात जातात, अनोळखी आरोपींविरुद्ध आदेश मिळवतात आणि इंटरनेट कंपन्यांकडून साइटच बंद करून घेतात. या अनोळखी आरोपीला आपल्याकडे 'अशोक कुमार' म्हटलं जातं. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तर नाव बदलून पुन्हा उगवणाऱ्या साइटही बंद करण्याची सोय करून दिली.

पाहणं आणि वाटणं यातला फरक मुंबईतही गाजला होता. २०१६ मध्ये बंद केलेल्या साइटवर 'ही लिंक पाहणंही गुन्हा आहे, तीन वर्षं कैद होऊ शकते' अशा अर्थाची सूचना झळकायची. 'ढिशूम' या सिनेमाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, असं स्पष्ट केलं आणि सूचनेतला तो भाग बदलायला सांगितलं.

हा फरक माहीत नसल्यामुळेच जर्मनीत पोहोचलेले विद्यार्थी अडकतात. तिथे आज परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात मोठा गट भारतीयांचा आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ही संख्या ४९ हजारांहून जास्त होती. बरेच जण तीन-चार जणांच्या सामायिक घरात राहतात आणि इंटरनेट एकाच्याच नावावर असतं. लॅपटॉपमधलं जुनं टॉरेंट अ‍ॅप वायफाय मिळताच आपोआप सुरू होतं. पत्र येतं ते करार ज्याच्या नावावर आहे त्याला, म्हणजे कदाचित ज्याला काहीच माहीत नाही अशा रूममेटला.

पत्र आलंच तर?

जर्मनीतल्या ग्राहक सल्ला केंद्रांचा सल्ला साधारण असा असतो:

• पत्र केराच्या टोपलीत टाकू नका. त्यातली तारीख आधी पाहा, मुदत बहुतेकदा थोडीच असते.
• सोबतच्या हमीपत्रावर घाईने सही करू नका. ते अनेकदा गरजेपेक्षा जास्त कबूल करणारं असतं आणि त्याचं बंधन वर्षानुवर्षं राहतं. वकिलाकडून त्यात बदल करून घेता येतो.
• लगेच फोन करून खुलासा देत बसू नका. बोलण्याच्या ओघात दिलेली कबुली पुढे अंगाशी येते.
• ग्राहक सल्ला केंद्राकडे किंवा कॉपीराइटच्या वकिलाकडे जा. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदेविषयक सल्ल्याची सोय असते.
• न्यायालयाकडून 'माहनबेशाइड' आलं, तर ते वेगळं प्रकरण समजा. त्यावर हरकत घ्यायला फक्त दोन आठवडे मिळतात. गप्प बसलात तर मागणी मान्य केल्यासारखी ठरून वसुली सुरू होऊ शकते.
• काही वर्षं गेली म्हणून निर्धास्त होऊ नका. वकिलाच्या फीची मागणी साधारण तीन वर्षांनी बाद होते, पण भरपाईची मागणी दहा वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते, असं सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं आहे.
• बनावट पत्रंही फिरतात. विशेषतः ईमेलने आलेलं आणि जोडलेली फाइल उघडायला सांगणारं पत्र असेल, तर त्या वकिलाचं नाव-पत्ता स्वतंत्रपणे तपासा.

स्ट्रीमिंग सेवा स्वस्त आणि सोप्या झाल्यापासून टॉरेंटचं आकर्षण बरंच कमी झालं आहे. पण एखादी मालिका एका सेवेवर, दुसरी दुसऱ्या सेवेवर, असं झालं की लोक पुन्हा जुन्या वाटेकडे वळतात. पत्रं आजही येतात. त्यांवर नाव असतं ते कनेक्शनच्या मालकाचं. म्हणून जर्मनीत सामायिक घरात राहायला जाताना भाडं आणि विजेच्या बिलासोबत आणखी एक प्रश्न विचारून घ्यावा, की इंटरनेट कोणाच्या नावावर आहे?